मोठ्या टायरच्या थार-जिम्नीचं खरं ॲव्हरेज कसं काढायचं आणि डिझेल-पेट्रोल कसं वाचवायचं

इंदूरात ज्यांनी ज्यांनी आपली थार गाडी लिफ्ट करून म्हणजे वर उचलून मोठे टायर घातलेत त्यांची एकच तक्रार असते, ॲव्हरेज पार गेलं हो. गेलं हे खरंच आहे, पण किती गेलं ते बहुतेकांना माहीत नसतं, कारण ज्या मीटरवरून ते हिशोब करतात तो मीटर टायर बदलल्याबरोबर खोटा बोलायला लागतो. म्हणून आधी माप नीट घ्या. खर्च, रिमॅप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं, फिल्टर बदलणं हे सगळं त्यानंतर.

पहिलं काम : मीटरची चूक शोधा

गाडीचा मीटर चाकाचे फेरे मोजतो. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते पण मीटरला ते कळत नाही, तो जुन्याच चाकाच्या हिशोबाने किलोमीटर लिहितो. थारला १६ इंची रिमवर कंपनीचा टायर २४५/७५ आर १६ येतो. यात २४५ ही टायरची रुंदी मिमीत, ७५ म्हणजे बाजूची भिंत रुंदीच्या किती टक्के उंच, आणि १६ हा रिमचा इंची व्यास. त्याची उंची काढायची तर २४५ चे ७५ टक्के म्हणजे १८४ मिमी, ते वर आणि खाली असे दोनदा, अधिक रिमचे ४०६ मिमी, झाले ७७४. आता लोकं जो ३३ इंची म्हणून घालतात तो २८५/७५ आर १६ घ्या, तो याच हिशोबाने ८३४ मिमी भरतो. फरक पावणेआठ टक्क्यांचा. जिम्नीवाल्यांनी १९५/८० आर १५ काढून २१५/७५ आर १५ घातला असेल तर फरक दीड टक्काच पडतो, त्यांनी या भानगडीत फार डोकं घालवू नये.

कागदावरचं गणित थोडं इकडेतिकडे होतं कारण गाडीच्या वजनाने टायर खाली दबतो, म्हणून रस्त्यावर एकदा तपासाच. सकाळी लवकर बायपासवर या, राऊकडून मांगल्याकडे एका चालीने गाडी चालवा, फोनमधल्या जीपीएसवर किलोमीटर बघा आणि ट्रिप मीटरवरही बघा. समजा जीपीएस ३० म्हणतो आणि मीटर २८, तर ३० भागिले २८ म्हणजे १.०७ हा तुमच्या गाडीचा आकडा. डॅशबोर्डच्या आत कुठेतरी लिहून चिकटवून ठेवा, यापुढे मीटरच्या प्रत्येक किलोमीटरला याने गुणायचं. स्क्रीनवर जे ॲव्हरेज येतं तेही त्याच चाकाच्या फेऱ्यांवरून येतं म्हणून तेही तितकंच चुकतं. आणि वेगाचंही तेच, कंपनीचा काटा मुळात थोडा जास्त दाखवतो, ती सूट मोठे टायर खाऊन टाकतात, तेव्हा मीटरवर ८० बघून निर्धास्त राहू नका.

टाकी टू टाकी, पण शिस्तीत

एकच पंप धरा, शक्य असेल तर नोझलही तेच, गाडी त्याच जागी उभी करा कारण उतारावर टाकीत कमीजास्त मावतं. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबायचं, गळ्यापर्यंत भरायचा हट्ट नको. ट्रिप शून्य करा, गाडी चालवा, टाकी बऱ्यापैकी खाली झाली की परत तसंच भरा. समजा मीटरवर ४२० किलोमीटर आले आणि ४२ लिटर गेले, तर वरवर बघता १० चं ॲव्हरेज, पण १.०७ ने गुणलं की खरे ४४९ किलोमीटर झाले म्हणजे १०.७. आधी साडेबारा देत असलेली गाडी असेल तर अडीचचा घाटा दिसत होता तो खरा पावणेदोनच्या आसपास निघाला. एका टाकीवर निकाल लावू नका, निदान तीन-चार टाक्या होऊ द्या.

बीएस-६ म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या डिझेलवाल्यांसाठी हे तर फारच जरुरी आहे. या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा फिल्टर असतो, तो भरला की इंजिन जास्तीचं डिझेल टाकून ती काजळी जाळतं, आणि राजवाडा-सराफ्याच्या गर्दीत रोज दोन-तीन किलोमीटर गाडी फिरवणाऱ्यांचा फिल्टर लवकर भरतो. ज्या टाकीत ही जाळणी झाली ती टाकी उगीच वाईट दिसते आणि शिव्या टायर खातो. आठवड्यातून एकदा गाडी हायवेवर नीट गरम होईपर्यंत चालवा.

जिम्नी-जिप्सीवाल्यांनी पेट्रोलमधलं इथेनॉल लक्षात घ्यावं. त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, तेव्हा जुन्या वहीतलं ॲव्हरेज आणि आत्ताचं ई-२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) वरचं ॲव्हरेज समोरासमोर ठेवून टायरला दोष देणं बरोबर नाही.

आणखी एक, ही इंदूरकरांची खास चूक. लोकं जाम गेटचा घाट उतरून महेश्वरला जातात, तिथे पोचल्यावर स्क्रीनचा फोटो ग्रुपवर टाकतात, बघा काय ॲव्हरेज दिलं. अहो इंदूर माळव्याच्या पठारावर साधारण ५५० मीटरवर आहे आणि महेश्वर खाली निमाडात नर्मदेकाठी, म्हणजे गाडी जवळजवळ ४०० मीटर खाली आली की. माणसं-सामानासकट दोन टनाची गाडी तेवढी परत वर चढवायला, इंजिनची कार्यक्षमता ३० टक्के धरली तर, नुसत्या चढाचंच पाऊण लिटरच्या आसपास डिझेल लागतं. म्हणून घाटाच्या रस्त्यावर नेहमी जाऊन-येऊन दोन्हीचं मिळून मोजा.

आता हवा

माझ्या मते सगळ्यात जास्त डिझेल इथे जातं आणि वाचवायला खर्च जवळजवळ शून्य. चोरलच्या बाजूला चिखलात उतरायचं म्हणून लोकं टायरची हवा १८-२० पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) आणतात, ते योग्यच आहे, टायर पसरतो आणि पकड मिळते. पण परत येताना खंडवा रोडवर तशीच गाडी ८० ने हाणतात. दबलेला टायर प्रत्येक फेऱ्यात वाकतो आणि सरळ होतो, त्यात डिझेल जातं आणि तेच गरमी बनून टायरच्या बाजूच्या भिंतीत साठतं, टायर फुटायची भीती असते हो, घरची माणसं बसलेली असतात गाडीत. तेव्हा बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर घ्याच, एलईडी बारच्या आधी घ्या, आणि डांबरी लागली की थांबून हवा भरा.

भरायची किती? कंपनीचा आकडा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो पण तो कंपनीच्या टायरसाठी. वेगळ्या मापाच्या टायरला तिथून सुरुवात करा आणि खडूने तपासा. टायरवर आडवी जाड रेघ मारायची, सपाट रस्त्यावर सरळ थोडं जायचं आणि उतरून बघायचं. फक्त मधली रेघ पुसली असेल तर हवा जास्त, फक्त कडेची पुसली तर कमी, सगळी सारखी पुसली तर बरोबर. टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या वर जाऊ नका. आणि हवा सकाळी टायर थंड असताना बघा.

वजन आणि टप

लोखंडी बंपर, फसलेली गाडी ओढायची विंच, दाराखालचे लोखंडी स्लायडर, मोठी स्टेपनी, रिकामा जेरीकॅन, टूलबॉक्स... एकेक करून चढतं आणि कोणी बेरीज करत नाही. एकदा धर्मकाट्यावर, म्हणजे ट्रक तोलतात त्या काट्यावर, गाडी उभी करा, खरं वजन कळू द्या. शहरात थांब-चल करताना प्रत्येक किलो परत परत ढकलावा लागतो. चाकांचं वजन तर दुप्पट नडतं कारण ते पुढेही न्यायचं आणि फिरवायचंही, म्हणून रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला चिखलासाठीचे जाडजूड मड टायर घालू नका, रस्ता-कच्चा दोन्हीला चालणारे ऑल टेरेन पुष्कळ झाले. विंचला स्टीलच्या तारेऐवजी सिंथेटिक रस्सी घातली तरी बरेच किलो उतरतात.

हायवेवर मात्र खरा दुश्मन वारा. ८० वरून १०० वर गेलात की वाऱ्याचा विरोध दीडपटीहून जास्त वाढतो, आणि उचललेली, चौकोनी, टपावर कॅरियर लावलेली गाडी तर वाऱ्याला छाती काढूनच उभी असते. ट्रिप नसेल तेव्हा कॅरियर काढून गॅरेजमध्ये ठेवा. एबी रोडवर ८०-८५ धरा, माझ्या बघण्यात कुठल्याही फिल्टर-चिपपेक्षा याचा फायदा जास्त होतो.

गिअर, फोर बाय फोर आणि बारीकसारीक

मोठ्या चाकाने सगळे गिअर लांबतात, म्हणून सहाव्यात इंजिन कण्हत असेल तर पाचवा घ्या, उगीच वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून काही वाचत नाही. फोर हाय म्हणजे चारही चाकांना जोर देणारा मोड डांबरीवर लावून फिरू नका, कोरड्या रस्त्यावर पुढचे-मागचे ॲक्सल एकमेकांशी भांडतात, डिझेलही जातं आणि गिअरबॉक्सही. जुन्या जिप्सीत पुढची चाकं ॲक्सलला जोडणारे, हाताने फिरवायचे लॉकिंग हब असतील तर घरी परतताना ते मोकळे करा.

लिफ्ट केल्यावर अलाइनमेंट करायलाच हवी. पावसाळ्यात आपली काळी माती रिमच्या आत चिकटून वाळते, चाक थरथरतं, ब्रेकमध्ये शिरते. ट्रिपनंतर आतून पाणी मारा, मग थोडं चालवून चारही चाकांजवळ हात न्या, एखादं बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरतोय.

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्ही आरसीवरच्या तपशिलाला विसंगत बदलांच्या विरुद्ध आहेत, इन्शुरन्सवालाही नेमकं तेच पकडतो. तेव्हा काही बदलायच्या आधी आरटीओत विचारून घ्या.

ट्रेलवर म्हणजे कच्च्या ऑफरोड वाटेवर किलोमीटर मोजू नका

जानापावच्या बाजूच्या दगडात किंवा नदीपात्रात लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त जोर देणारे गिअर) तासात चार किलोमीटरही होत नाहीत, तिथे लिटरमागे किलोमीटर काढून काय कळणार. तिथे तासाला किती लिटर ते लिहा. ट्रेल सुरू व्हायच्या आधीच्या शेवटच्या पंपावर टाकी फुल, घड्याळ बघायचं, परतल्यावर त्याच पंपावर फुल, मधल्या रस्त्याचं डिझेल वजा केलं की उरलं ते ट्रेलचं. दोन-तीनदा असं केलं की तुमच्या गाडीचा आकडा बसतो, मग पुढच्या वेळी किती तास आत राहायचं त्याला गुणून वर तिसरा हिस्सा जास्तीचा धरा. एसी लावून मित्रांची फसलेली गाडी निघायची वाट बघत उभे राहता ना, तोही वेळ त्यात धरा, आणि चोरलकडे जाताना टाकी निम्म्याखाली असेल तर सिमरोलच्या आधीच भरून घ्या.