पावसाळी पांदणीवर एमटीबी (माउंटन बाइक) : पार्ट आणि कपडे निवडताना या चुका टाळा

जुलैत यवतमाळ-अमरावतीकडच्या काळ्या वावरातल्या पांदणीवर, म्हणजे बैलबंडीच्या वाटेवर, सायकल घातली की थोड्याच अंतरात कळतं, इथे त्रास पाण्याचा नाही, मातीचा आहे. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचं प्रमाण भरपूर असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं, म्हणून तर हीच जमीन उन्हाळ्यात भेगाळते. ओली माती टायरला धरते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला थरावर थर चढतो. त्यामुळे कुठलाही पार्ट घेताना पहिला प्रश्न एकच : चिखल बाहेर पडायला जागा आहे का?

जाड टायर म्हणजे चांगली पकड, हा समज

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. २.४ इंची टायर दुकानात रुबाबदार दिसतो, पण मागच्या चिमट्यात (फ्रेमच्या चाक धरणाऱ्या दोन दांड्यांत) तो जेमतेम मावत असेल तर काळ्या मातीत चाक फिरायचंच थांबतं. टायरच्या दोन्ही बाजूंना आणि वर निदान बोटभर जागा मोकळी हवी. आपल्याकडे २.० ते २.२ इंची, उंच आणि विरळ बटणांचा (रबरी उंचवट्यांचा) टायर बरा. दाट बटणांच्या टायरमध्ये चिखल भरला की तो गुळगुळीत होतो. भंडारा-गोंदियाकडचे मुरमाड रस्ते किंवा गडचिरोलीतल्या ओल्या मुळांच्या पायवाटा असतील तर गोष्ट वेगळी. तिथे माती इतकी धरत नाही, मऊ रबराचा रुंद टायर उपयोगी पडतो.

चाक अडल्यावर बहुतेक जण काय करतात? पेडलवर उभं राहून जोर लावतात. तेव्हा चिखलाने आणि गवताने भरलेला मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) चेनबरोबर ओढला जातो, आऱ्यांत शिरतो आणि हँगर मोडतो. हँगर म्हणजे डिरेलर फ्रेमला धरून ठेवणारा अ‍ॅल्युमिनियमचा छोटा तुकडा. बऱ्याच फ्रेमचा हँगर वेगळा असतो, तालुक्याच्या दुकानात मिळेलच असं नाही. सायकल घेतानाच एक जादा हँगर घेऊन पिशवीत टाका. पेडल जड झालं की लगेच उतरा आणि धुऱ्यावरून पऱ्हाटीची वाळकी काडी उचलून आधी चिमटा मोकळा करा, मग डिरेलरच्या दोन छोट्या चाकांमधला चिखल काढा. पुढे जमेल तिथे मधल्या गवताच्या पट्ट्यावरून चाला. बंडीच्या चाकोरीत माती सगळ्यात जास्त मळलेली असते.

पूर्ण लांबीचं मडगार्डही याच कारणाने नको. त्याच्या आणि टायरच्या मधे माती ठासून बसते. पुढच्या चिमट्याला बांधायचा प्लॅस्टिकचा आखूड तुकडा पुरतो, चिखल डोळ्यात उडत नाही एवढंच त्याचं काम.

हवा आणि काटे

पंपवाला विचारतो, "टाइट मारू का भाऊ?" नाही म्हणा. साधारण सत्तर किलोच्या माणसाला ट्यूब असलेल्या २.२ इंची टायरमध्ये ओल्या वाटेवर २८ ते ३२ पीएसआय हवा ठीक. ट्यूबलेस असेल तर २२ ते २६. टच्च भरलेला टायर ओल्या दगडावरून घसरतो.

वावराच्या कुंपणाला बाभळीच्या फांद्या लावलेल्या असतात, तेच काटे पावसात वाहून पांदणीत येतात. ट्यूबलेसमधलं सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) असे काटे चांगलं झेलतं, पण विदर्भाच्या उन्हाळ्यात ते टायरच्या आतच वाळून जातं. मृगाच्या आधी टायर उघडून नवं भरा. ट्यूब वापरत असाल तर पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून हळूच बोट फिरवा. तुटलेलं टोक आत राहिलं तर नवी ट्यूबही लगेच जाते.

ट्यूब घेताना फक्त "२६ इंची" सांगू नका. गावातल्या दुकानात २६ बाय १ ३/८ ची ट्यूब मिळते, ती ५९० मिमी रिमची. एमटीबीच्या २६ इंची रिमचं माप ५५९, २७.५ चं ५८४ आणि २९ चं ६२२. टायरच्या बाजूला हा आकडा छापलेला असतो, तो वाचून घ्या.

ब्रेक

रिमवर घासणारे ब्रेक चिखलात नकोतच. रबरात वाळू रुतते आणि रिम खरवडून निघते. डिस्क घ्या, पण पॅडकडे लक्ष द्या. रेझिनचे पॅड ओल्या चिखलात भराभर झिजतात, धातूमिश्रित सिंटर्ड पॅड टिकतात. मात्र डिस्कवर "रेझिन ओन्ली" लिहिलं असेल तर सिंटर्ड लावू नका. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरायचं असेल तर पॅड निघण्याआधी बघा, घाटात धुकं दाटल्यावर नाही. ब्रेक चरचरला म्हणून डिस्कवर तेल मारणं तर थेट जिवाशी खेळ.

कपडे

जीन्स आणि सुती टीशर्ट भिजला की जड होतो, वाळत नाही, मांड्या सोलून निघतात. पातळ पॉलिस्टरचा टीशर्ट घाला. पॅड असलेल्या शॉर्ट्सच्या आत चड्डी घालायची नसते. तिची शिवण ओली होऊन कातडीला घासते. जाड प्लॅस्टिकचा रेनकोट चढावर आतून घामाने भिजवतो. काखेत झिप असलेलं हलकं जॅकेट घ्या. खालच्या सपाटीवर एवढंही लागत नाही, पण चिखलदऱ्याच्या वाऱ्यात ते हवंच.

बूट पेडलला क्लिप होणारे नकोत, खालच्या खाचेत माती बसली की पाय अडकत नाही आणि अडकला तर सुटत नाही. सपाट रबरी तळ आणि पिना असलेलं रुंद पेडल, हेच इथे चालतं. हातमोजे पूर्ण बोटांचे आणि चष्मा पारदर्शक घ्या. काळा चष्मा ढगाळ जंगलात मुळं लपवतो. मेळघाटासारख्या राखीव जंगलात शिरण्याआधी वनखात्याची परवानगी विचारा.

घरी आल्यावर

सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशर पंपाने सायकल धुऊ नका, पाणी चाकाच्या हब आणि बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलच्या आसाच्या) बेअरिंगमध्ये घुसतं. बादली, ब्रश आणि जुनं फडकं पुरे. पण त्याच संध्याकाळी धुवा, वाळलेली काळी माती निघता निघत नाही. चेनला ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको, त्यात वाळू बसते. पावसाळी ल्यूब (चेनचं खास तेल) कडीकडीवर थेंब-थेंब टाका आणि वरचं पुसून घ्या. सीटची नळी काढून सायकल उलटी धरा, फ्रेममध्ये साचलेलं पाणी बाहेर येईल. फ्रेम आणि नळी अ‍ॅल्युमिनियमची किंवा स्टीलची असेल तर परत घालताना नळीला थोडं ग्रीस लावा.