गारठलेली खोली संगणकाने उबदार कशी करावी

निफाडची थंडी महाराष्ट्राला ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर उतरला की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते आणि पहाटे द्राक्षबागांमधून शेकोट्या पेटतात. मी इथे लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन सुरू होतो, म्हणजे थंडी आणि रात्रभराचं रेंडरिंग (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल संगणकाकडून तयार करून घेणं) एकाच वेळी येतं. संगणक ज्या खोलीत आहे तिथेच माझे वडील, आण्णा, झोपतात. त्यांचे गुडघे पहाटेच्या गारठ्यात आखडतात. त्यांच्यासाठी मी रात्रभर संगणक राबवून खोली उबदार ठेवायला लागलो, आणि आता सहा हिवाळे झाले.

आधी एक गोष्ट कळकळीने सांगतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. दार जरासं किलकिलं ठेवलं तरी नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस जागा होत नाही, झोपेतच जातो. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात आणि तरीही लोक सांगतात, ‘एक घमेलं निखारे ठेव, छान ऊब येते.’ संगणकातून धूर निघत नाही, वायू निघत नाही. माझ्या लेखी त्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे.

आता हिशोब. संगणकाने ओढलेली वीज शेवटी उष्णताच होते. पंख्याचा वारा, मॉनिटरचा उजेड, एसएमपीएसमध्ये (संगणकाच्या आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यात) वाया जाणारे वॅट, सगळं त्याच खोलीत विरतं. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी, मग ती हीटरमध्ये जाळा नाहीतर ग्राफिक्स कार्डात, म्हणजे संगणकातल्या चित्रांचं काम करणाऱ्या भागात. त्यामुळे ‘संगणकाची ऊब फुकट’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. ३३० वॅट आठ तास चालले की २.६४ युनिट होतात, महिन्याला ७९ च्या आसपास. बिलाचा टप्पा १०० वरून पुढे सरकला तर दरही वाढतो, तेव्हा आपलं मागचं बिल काढून बघा. नुसती ऊबच हवी असेल तर जाड गोधडी सगळ्यात स्वस्त. गरम हवा देणारा इन्व्हर्टर एसी असेल तर तो त्याच विजेत साधारण तिप्पट उष्णता आत आणतो. संगणक तेव्हाच परवडतो, जेव्हा त्याच विजेत दुसरं एखादं खरं काम होणार असतं.

अपेक्षाही नीट ठेवा. आमची खोली दहा बाय दहा, वर उघडा स्लॅब, दोन भिंती बाहेरच्या. बाहेर सात अंश असताना आत पहाटे पाचला चौदा असतात. ३३० वॅटने ते अठरापर्यंत जातात. चार अंश ऐकायला थोडे वाटतात, पण चौदात आण्णांना स्वेटर घालून झोपावं लागतं आणि अठरात एक रग पुरते. बंगल्याच्या हॉलमध्ये हे होणार नाही. लॅपटॉपवर तर करूच नका. त्यातून पन्नास-साठ वॅट निघतात, तेवढी ऊब झोपलेला माणूस स्वतःच देतो. वर लॅपटॉप गादीवर ठेवला की हवेची वाटही बंद होते.

खोली बुजवणं

आधी हे करा, संगणक नंतर. आपल्या घरांत ऊब निसटते ती खिडकीच्या वरच्या झरोक्यातून आणि दाराखालच्या फटीतून. झरोक्याला आतून पुठ्ठा लावा. दाराखाली चादर गुंडाळून सरकवा, गोणपाटही चालतं. सरकत्या खिडकीच्या फटीत हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी केसाळ पट्टी बसवा. मात्र सगळं हवाबंद करू नका. आत माणूस झोपणार आहे, एक कोपरा मोकळा राहू द्या.

कॅबिनेट कुठे ठेवायचं

जमिनीलगत, पाटावर. गरम हवा आपोआप वर जाते, म्हणून ती खालून सुटली पाहिजे. मागची बाजू खोलीच्या मध्याकडे वळवलेली आणि भिंतीपासून वीतभर अंतर. पडदा, मच्छरदाणी, पांघरूण यांपैकी काहीही जवळ नको. सीझनआधी ब्लोअरने धूळ काढा.

वीज कुठून घ्यायची

थेट भिंतीतल्या सॉकेटमधून. पहिल्या वर्षी मी बाजारातला एक स्वस्त एक्स्टेन्शन बोर्ड वापरत होतो. एका रात्री खोलीत जळकट वास आला. पिन ओढून पाहिली तर पितळ काळं पडलेलं आणि भोकाभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक पिवळं होऊन मऊ झालेलं. लोड जेमतेम दीड अ‍ॅम्पिअर होता. दोष सैल पकडीचा. सलग आठ तास वीज वाहिली की सैल जागा तापते, अर्ध्या तासाच्या वापरात ते कळतही नाही. म्हणून पहिल्या संध्याकाळी तीन तास जागे राहून चालवा आणि पिनेला हात लावून बघा. कोमट चालेल. चटका बसला तर सॉकेट बदला.

यूपीएसबद्दल थोडं. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. वीज गेली की तो एकतर ट्रिप होतो किंवा मिनिटा-दोन मिनिटांत मान टाकतो. घरचा इन्व्हर्टर या खोलीला जोडलेला असेल तर ती लाइन वेगळी करून घ्या. दीडशे अ‍ॅम्पिअर-तासाची बॅटरी या लोडवर चार तासही तग धरत नाही, आणि रोज अशी निचरली तर दुसरा हिवाळा बघत नाही.

वॅट बांधणं

खरी मेख इथे आहे. याच टप्प्यावर माझ्या पहिल्या हिवाळ्यातले आठ-दहा दिवस वाया गेले.

मला कोणीतरी सांगितलं होतं की संगणक जितका तापेल तितकी खोली तापते, तेव्हा त्याला तापू दे. मी कॅबिनेट टेबलाखाली सरकवलं, टेबलावरून रग सोडला आणि पंखे मंद केले. ग्राफिक्स कार्डाचं तापमान ८३ अंशांवर गेलं. वाटलं, आता ऊब येणार. पण आण्णा पहाटे कुडकुडतच उठले. असं आठ-दहा दिवस चाललं. शेवटी प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर आणला तेव्हा उलगडा झाला. सुरुवातीला ३२० वॅट दाखवणारा आकडा अर्ध्या तासात २४० वर येत होता. कार्ड जास्त तापलं की ते स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतं. वेग उतरला की वीज कमी ओढली जाते, आणि वीज कमी म्हणजे उष्णता कमी. मी कार्डाचा श्वास कोंडत होतो आणि खोलीची ऊबही तोडत होतो.

अंश आणि वॅट यांत गल्लत करू नका. चमचाभर उकळतं पाणी अंगावर घेऊन आंघोळ होत नाही, बंबातल्या बादलीभर कढत पाण्याने होते. चिपचं तापमान एवढंच सांगतं की उष्णता तिच्यात किती अडकली आहे. खोलीत किती आली, ते वॅट सांगतात. दोनशे वॅट ओढणारं कार्ड साठ अंशांवर असो की ऐंशीवर, खोलीला दोनशेच वॅट मिळतात. फरक इतकाच की साठवर ते रात्रभर एका दमात चालतं. म्हणून पंखे बंद करा, थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलू नका, कॅबिनेट झाका, असे सगळे सल्ले चुकीचे आहेत. कार्ड जितकं थंड राहील तितकी खोली भरवशाने गरम राहील. हे ऐकायला उलटं वाटतं, पण मीटर लावून तुम्हीच बघा.

तसाच दुसरा गैरसमज एसएमपीएसचा. त्याच्यावर ७५० वॅट लिहिलेलं असतं म्हणून खोलीला ७५० वॅट मिळत नाहीत. तो आकडा त्याच्या कुवतीचा. आत जेवढं काम चालू असेल तेवढीच वीज भिंतीतून येते. माझ्याकडचं आरटीएक्स ३०६० कार्ड १७० वॅटचं आहे. प्रोसेसर, बोर्ड, पंखे आणि एसएमपीएसची गळती धरून भिंतीपाशी ३३० च्या आतबाहेर आकडा येतो. तेव्हा वॅटमीटर घ्याच, त्याशिवाय सगळा अंदाजपंचे कारभार.

आता वॅट बांधायचे कसे? एमएसआय आफ्टरबर्नर हे ग्राफिक्स कार्डाची वीज आणि पंखा बांधणारं सॉफ्टवेअर उघडा, त्यात ‘पॉवर लिमिट’ची पट्टी आहे. ती म्हणजे तुमच्या हीटरचा खटका. कडाक्याच्या रात्री शंभर टक्के, एरवी ऐंशी. ऐंशीला माझं कार्ड १३६ वॅटवर येतं, काम थोडंसंच मंदावतं, पण आवाज खूप उतरतो. पंखा ‘ऑटो’वर ठेवू नका, एका आकड्यावर बांधा. मी ५५ टक्क्यांवर ठेवतो. एकसारख्या घरघरीत माणूस झोपतो. दर दहा मिनिटांनी चढ-उतार करणारा पंखा मात्र झोपमोड करतो. आण्णांची पहिली तक्रार थंडीची नव्हती, या आवाजाचीच होती. कार्ड पंच्याहत्तरच्या आणि प्रोसेसर ऐंशीच्या आत राहिला की समजा जमलं. दोन तासांनी मीटर पुन्हा वाचा. आकडा पहिल्या दहा मिनिटांइतकाच असेल तर बसवणी बरोबर आहे. पडला असेल तर हवा कुठेतरी अडते आहे.

रात्रभराचं काम

माझ्यापुरतं पहिलं काम रेंडरचं. पण नुसत्या रेंडरवर विसंबू नका. एक्स्पोर्ट दोन तासांत संपतो आणि तीन वाजता, नेमकी थंडी चढते तेव्हा, संगणक गार पडतो. शिवाय एक्स्पोर्ट कार्डाला पुरतं राबवतही नाही, मीटर दीडशे-दोनशेवर रेंगाळतो. म्हणून मागे बोइंक लावून ठेवतो. घरच्या संगणकाला शास्त्रज्ञांच्या गणितांना जुंपणारं, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातून आलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यातून मी आइनस्टाइन-अ‍ॅट-होम चालवतो. हा प्रकल्प २००५ पासून सुरू आहे, गुरुत्वीय लहरी आणि पल्सार तारे शोधतो, आणि २०१० मध्ये घरोघरच्या संगणकांनी त्यात पहिला नवा पल्सार शोधून काढला. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे, ते काम याच कुळातलं. आण्णांना हे सांगितल्यापासून ते सकाळी विचारतात, ‘रात्री काय सापडलं?’ प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करायचा असेल तर फोल्डिंग-अ‍ॅट-होम घ्या, तो २००० पासूनचा आहे.

‘कॉइन मायनिंग करा (संगणकाला गणितं सोडवायला लावून डिजिटल नाणी कमवा), ऊब आणि पैसे दोन्ही’ असं कोणी सांगितलं तर नादी लागू नका. इथेरियम या डिजिटल नाण्याने १५ सप्टेंबर २०२२ ला मायनिंग बंदच केलं. घरच्या दराच्या विजेवर ग्राफिक्स कार्डाने दुसरं काही खणून खर्चही निघत नाही.

बोइंकमध्ये दोन सेटिंग्ज नीट करा. ‘सीपीयू टाइम’ची टक्केवारी कमी करू नका. ती कमी केली की प्रोसेसर क्षणात चालू, क्षणात बंद असा धडधडत राहतो, वॅटही नाचतात आणि पंखाही. त्याऐवजी प्रोसेसरचे किती कोर (एकाच वेळी काम करणारे त्याचे भाग) वापरायचे तो आकडा कमी करा. दुसरं, वेळ. बरेच जण रात्री नऊला लावून एकला बंद करतात. हे उलटं झालं. दिवसभर तापलेल्या भिंती आणि स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ऊब देतच असतात, आणि सगळ्यात गारठा सूर्योदयाच्या आसपास असतो. विटांना तापायला दोनेक तास लागतात. मी रात्री साडेबारा ते सकाळी साडेसात लावतो. रोजच्या आठाऐवजी सात तास, पण आण्णा उठतात तेव्हा खोली सगळ्यात उबदार असते.

फोल्डिंग वापरत असाल तर सकाळी ‘पॉज’ दाबू नका, ‘फिनिश’ दाबा. तुमच्या संगणकाला मिळालेल्या कामाच्या प्रत्येक तुकड्याला मुदत असते. पॉज करून दोन दिवस विसरलात तर केलेलं काम वाया जातं आणि जाळलेली वीजही.

हवा तापली की कोरडी पडते. ओठ फुटतील, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवा.

महाशिवरात्रीच्या सुमारास बोइंकमधलं वेळापत्रक आठवणीने काढून टाका आणि झरोक्यांचे पुठ्ठे उतरवा. तेच ३३० वॅट एप्रिलमध्ये खोलीत सोडले तर आण्णांना अंगणात खाट टाकावी लागते. एक वर्ष तसं झालं आहे.