शाळा सुटलेल्यांसाठी इंग्रजीचा क्लास कसा पारखायचा

आठवी-नववीत शाळा सुटली, आता वय वीस-बावीस, काम कोल्हापूरजवळ शिरोलीच्या फाउंड्रीत नाहीतर हुपरीत चांदीचं. अशा पोराला किंवा पोरीला क्लास लावताना प्रवेशाच्या दिवशी तिथं काय विचारतात, ते आधी बघायचं. फी नंतर.

चांगला क्लास वाचणं आणि बोलणं वेगवेगळं तपासतो. दोन-चार वाक्यं बोलता येतात, पण वाचताना बी आणि डीची अदलाबदल होते, अशी बरीच मुलं असतात. त्यांच्या हातात थेट काळांचे तक्ते दिले की पंधरा दिवसांत येणं बंद. मराठी वाचून घेतात का, तेही बघा. मराठीच अडखळत वाचणाऱ्याला इंग्रजी अक्षरं आणि त्यांचे आवाज पहिल्यापासून लागतात. सगळ्यांना एकच पेपर आणि लगेच पावती, असं दिसलं तर सरळ उठून या.

मग तासांचा हिशेब. भाषा किती येते ते मोजणाऱ्या युरोपीय मोजपट्टीची पहिली पायरी, ए-१ (A1), गाठायला साधारण ९० ते १०० तास शिकवणी धरतात. '३० दिवसांत फाडफाड' म्हणजे रोज एक तास धरला तर ३० तास. त्यात स्वतःची ओळख करून देता येईल. मुलाखतीचं नाव काढू नका.

डेमो लेक्चर सजवलेलं असतं. त्यापेक्षा चालू बॅचमध्ये मागच्या बाकावर तासभर बसायची परवानगी मागा आणि घड्याळ लावा. वीसजणांत ३० मिनिटं एकेकाला उभं करून बोलायला लावलं तर वाट्याला दीड मिनिट येतं. तीच ३० मिनिटं जोड्या लावून दिली तर प्रत्येकाला १५. कुणी चुकलं आणि बाकीचे हसले, तर सर काय करतात? इथं दुर्लक्ष झालं की शाळा सोडलेलं पोर पुन्हा तोंड उघडत नाही.

कामाची पाळी आठवड्याला बदलत असेल तर संध्याकाळी सातची एकच बॅच उपयोगाची नाही. तोच धडा सकाळी मिळतो का विचारा. फी महिन्याच्या महिन्याला भरा. एकरकमी सवलत गळणाऱ्यांच्याच पैशावर चालते.

सर्टिफिकेटच्या सोनेरी कडेला भुलू नका, त्यानं दहावी होत नाही. दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे राज्य मंडळाची परीक्षा बाहेरून देणं, किंवा एनआयओएस, म्हणजे केंद्र सरकारची मुक्त शाळा. एनआयओएसमध्ये मराठी भाषा घेऊन इंग्रजीशिवायही दहावी होते, हे क्लासवाले सहसा सांगत नाहीत.

पहिल्या दिवशी कामावरचं एक इंग्रजी चलन, म्हणजे मालासोबतचा कागद, वाचायला द्या, अडलेल्या शब्दांवर पेन्सिलीनं खूण करा, कागद जपून ठेवा. महिन्यानं तसंच दुसरं चलन द्या. खुणा तेवढ्याच राहिल्या तर दुसऱ्या महिन्याची फी भरू नका.