ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका: दाखल झालेल्या कोरोना रुग्णाबाबत या चुका टाळा

कोरोनाचा रुग्ण दाखल झाला की घरच्यांचं लक्ष दोन गोष्टींवर खिळतं: ताप आणि रिपोर्ट. पुढे काय वाढून ठेवलंय, हे मात्र या दोन्हींवरून फारसं कळत नाही. ते कळतं श्वासावरून आणि आज आजाराचा कितवा दिवस आहे त्यावरून. खालच्या बऱ्याचशा चुका या दोन गोष्टींकडे काणाडोळा केल्यानेच होतात.

ताप नाही म्हणजे काही नाही, असं समजणं

चीनमधल्या १,०९९ दाखल रुग्णांच्या सुरुवातीच्या अभ्यासात भरती होताना ताप होता तो ४३.८ टक्के रुग्णांना. रुग्णालयात असताना हेच प्रमाण ८८.७ टक्क्यांवर गेलं. न्यूयॉर्क परिसरातल्या ५,७०० रुग्णांत तर आल्या वेळी ताप असलेले ३०.७ टक्केच होते. म्हणजे नुसता थर्मामीटर लावून रुग्ण ओळखायला गेलं तर निम्म्याहून अधिक जण सुटतील. वयस्कर माणसांत याहून सावध राहावं लागतं. त्यांना कित्येकदा ताप, खोकला काहीच नसतं. अचानक जेवण सुटतं, बोलणं असंबद्ध होतं, तोल जातो किंवा माणूस दिवसभर ग्लानीत पडून राहतो. हे वयामुळे चाललंय असं म्हणून दुखणं अंगावर काढलं जातं आणि मोलाचे दिवस हातचे जातात.

दिवस रिपोर्टपासून मोजणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आजाराचा पहिला दिवस म्हणजे घसा खवखवला, अंग मोडून आलं तो दिवस. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तो नव्हे. ज्यांचा आजार बळावतो, त्यांना धाप साधारण पाचव्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास लागते. ताप उतरलेला असतो, घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि नेमकं त्याच वेळी फुप्फुसात दाह वाढू लागलेला असतो. लक्षणं सुरू होऊन चार दिवसांनी तपासणी झाली आणि तोच दिवस पहिला धरला, तर 'आज तिसराच दिवस' म्हणताना प्रत्यक्षात सातवा उजाडलेला असतो. म्हणून पहिल्या लक्षणाची तारीख कागदावर लिहून ठेवा आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ती त्यांना सांगा.

छातीच्या सीटी स्कॅनचंही तसंच. अगदी सुरुवातीला काढलेला स्कॅन स्वच्छ दिसू शकतो. दुसऱ्या दिवशीचा चांगला स्कोअर (फुप्फुस किती बाधित आहे त्याचा आकडा) आठव्या दिवसाची हमी देत नाही.

ऑक्सिजनचा आकडा एकटाच वाचणं

या आजारात रुग्ण फोनवर व्यवस्थित बोलत असतो, गुदमरल्याची तक्रार नसते, तरी सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, पंच्याऐंशीच्या घरात असू शकतं. त्यामुळे 'बोलतोय ना चांगला' हा पुरावा धरू नका. पल्स ऑक्सिमीटर लावताना बोटं गार असतील तर चोळून ऊबदार करा, नेलपॉलिश काढा, हात स्थिर ठेवा. लावल्याबरोबर दिसणारा आकडा सोडून द्या. तो वरखाली व्हायचा थांबेपर्यंत थांबा. यंत्रावरचे ठोके आणि मनगटावर मोजलेले ठोके जुळत नसतील तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, हेही ध्यानात असू द्या.

मग श्वास मोजा. रुग्णाला न सांगता मोजा, कारण सांगितलं की श्वासाची लय बदलते. पांघरुणाखाली पोट किती वेळा वर येतंय ते पूर्ण एक मिनिट, घड्याळ समोर धरून बघा. मोठ्या माणसात शांत असताना १२ ते २० श्वास ठीक. तीसच्या वर गेले तर प्रकरण गंभीर आहे.

ऑक्सिजनची नळी लावलेली असताना घरच्यांना फोनवर सांगितलं जातं, 'सॅच्युरेशन ९५ आहे.' सगळे खूश. पण काल हे ९५ मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजनवर होतं आणि आज दहा लिटरवर असेल, तर रुग्ण खालावलाय. दरवेळी दोन्ही विचारा: आकडा किती आणि किती ऑक्सिजनवर.

औषधांची घाई

डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने जीव वाचतात, हे ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीत जून २०२० मध्ये स्पष्ट झालं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आलं. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३ वर. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांना मात्र काही फायदा दिसला नाही. त्यांच्यात स्टिरॉइड घेतलेल्यांतले मृत्यू १७.८ टक्के होते, न घेतलेल्यांतले १४. म्हणून ऑक्सिजन लागण्याआधीच 'खबरदारी म्हणून' कोरोनासाठी स्टिरॉइड सुरू करण्याचा आग्रह धरू नका. आणि सुरू झालंच, तर मधुमेह असो वा नसो, रक्तातली साखर तपासली जातेय ना ते विचारा.

अँटिबायोटिकबाबत जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा बोलका आहे: दाखल रुग्णांपैकी सुमारे ८ टक्क्यांनाच सोबत जिवाणूंचा संसर्ग होता, पण अँटिबायोटिक दिली गेली सुमारे ७५ टक्क्यांना.

व्हेंटिलेटर म्हणजे शेवट, असं धरून चालणं

न्यूयॉर्कच्या त्याच अभ्यासात आधी छापून आलं की व्हेंटिलेटरवर गेलेल्यांपैकी ८८ टक्के दगावले. ही बातमी जगभर गेली आणि तिची भीती अजून पुरती गेलेली नाही. हिशेब असा होता: व्हेंटिलेटर लागलेले १,१५१ रुग्ण. त्यातले २८२ दगावले होते, ३८ जिवंत घरी गेले होते आणि ८३१ अजून रुग्णालयातच होते. पहिल्या आकड्यात या ८३१ जणांना धरलंच नव्हतं. दुरुस्तीनंतर प्रमाण २४.५ टक्के लिहिलं गेलं. तेही अंतिम नव्हे, कारण त्या ८३१ जणांचं पुढे काय झालं हे ठरायचं होतं. पण अर्धवट आकडा ऐकून संमतीच्या कागदावर सही करायला नकार देणं, ही चूक जिवावर बेतू शकते. आपल्या रुग्णाचं वय, मूत्रपिंडाची स्थिती, आधीचे आजार यांवर डॉक्टरांशी बोला. जगाची टक्केवारी बाजूला ठेवा.

डिस्चार्जनंतर

घरी जाताना पुन्हा आरटीपीसीआर करून घेण्याचा हट्ट नको. बरं झाल्यावरही ती कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यापेक्षा निघण्याआधी डॉक्टरांच्या परवानगीने रुग्णाला सहा मिनिटं चालवून बघा, ऑक्सिमीटर बोटाला लावूनच. चालताना आकडा तीन-चारने उतरत असेल तर ते सांगितल्याशिवाय घरी नेऊ नका. थकवा आणि धाप काही आठवडे, काहींना काही महिने राहते. कामावर टप्प्याटप्प्याने जा. स्टिरॉइड सांगितलेल्या दिवसांपलीकडे स्वतःच्या मनाने चालू ठेवू नका.

या संसर्गात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका घरी आल्यावरही काही काळ असतो. एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखू लागली, छातीत दुखलं, अचानक धाप लागली किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न बघता त्याच क्षणी रुग्णालय गाठा.