कामगाराच्या अपघाताचं हॉस्पिटल बिल: या चुका टाळा

सगळ्यात महागडी चूक बिल हातात येण्याआधीच होते. कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत आहे का, हेच कुणी पाहत नाही. ईएसआयची पगारमर्यादा महिना २१,००० रुपये. विमाधारक कामगाराचे उपचार ही योजना चालवणारं महामंडळ, ईएसआयसी, करते किंवा ठरलेल्या हॉस्पिटलात करवते. तातडीची वेळ असेल तर जवळचं हॉस्पिटल गाठाच, पण त्याच दिवशी ईएसआयसीला कळवा.

ईएसआयबाहेरच्या कामगाराचा उपचारखर्च मालकाचा. २००९ च्या दुरुस्तीने ही तरतूद १९२३ च्या भरपाई कायद्यात आली, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. तरी अकाउंट्सवाले हा खर्च भरपाईच्या रकमेतून बिनदिक्कत वळता करतात. तसं करता येत नाही. बचत करायचीच तर हॉस्पिटलच्या बिलात करा.

तिथे भरपूर वाव असतो, फक्त शेवटचा आकडा बघून घासाघीस करू नका. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी तपशीलवार बिल मागा आणि केसपेपर शेजारी ठेवा. पाय मोडून प्लेट बसवली असेल तर इम्प्लांटचे स्टिकर ऑपरेशन नोटला लावलेले असतात. बिलात आठ स्क्रू, स्टिकर सहा, असं दिसलं की ऑपरेशननंतरचा एक्स-रे उजेडात धरून सरळ मोजा. एखादा स्क्रू उघडून मापात बसला नाही म्हणून टाकला, असंही होतं. मग तशी नोंद दाखवा म्हणावं.

औषधांचं बिल याहून चिवट. ऑपरेशन थिएटरसाठी मागवलेलं निम्मं सामान परत जातं, पण त्याची वजावट बिलात येतेच असं नाही. नर्सच्या चार्टवर रोज दोन इंजेक्शनं आणि मेडिकलच्या बिलात तीन, तर तिसरं कुठे गेलं? आयसीयूच्या भाड्यात मॉनिटर धरलेला असताना तो वेगळा लावलाय का, तेही बघा.

उलट टोकाची चूकही होते. ‘मधुमेह आधीचाच आहे’ म्हणून इन्सुलिनचा खर्च कापणारे साहेब असतात. साखर चढलेली राहिली तर जखम भरत नाही, आणि दुसऱ्या ऑपरेशनचं बिल तुमच्याच टेबलावर येतं. फिजिओथेरपीचंही तसंच.

कामगार भरपाईसाठी मालकाने घेतलेल्या विमा पॉलिसीत वैद्यकीय खर्चाचं वाढीव कलम आणि त्याची मर्यादा आधी वाचून ठेवा. वादाच्या रकमेवर लेखी हरकत द्या, बाकीचे पैसे भरा आणि कामगाराला घरी जाऊ द्या.