गावाकडच्या जुन्या मृत्यूची नोंद कशी शोधावी

पणजोबा कधी वारले याचा कागद हवा असला की सगळीकडून एकच सल्ला मिळतो : ‘ऑनलाइन टाका, दाखला निघेल.’ मृत्यू अलीकडचा असेल तर निघतोही. पण तालुक्यापासून आत, एखाद्या वाडीवर 1950 च्या सुमारास वारलेल्या माणसाची नोंद संकेतस्थळावर शोधण्यात दिवस घालवू नका. ती वहीत असते. ती वही कोणत्या कार्यालयात, कोणत्या गावाच्या नावाने आणि कोणत्या सालाच्या गठ्ठ्यात आहे, हे आपणच ठरवून जायचं असतं. वारस लावायचा असो, जात पडताळणीसाठी पुरावा हवा असो की घरची वंशावळ पुरी करायची असो, रीत हीच.

आधी कार्यालय. 1969 चा जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम महाराष्ट्रात 1970 मध्ये लागू झाला. त्यानंतरच्या नोंदी ग्रामपंचायतीत, ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक). त्याआधीच्या नोंदी गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात त्यात. ही बुकं बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात.

नोंद माणूस जिथे मेला तिथे होते, तो जिथला होता तिथे नाही. जिल्हा रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर त्या शहराच्या नगरपालिकेकडे जा. गिरणीत कामाला असलेला कोकणातला माणूस मुंबईत वारला असेल तर महापालिकेकडे. बाळंतपणात गेलेल्या बाईची नोंद आधी माहेरच्या गावात बघा. गावाचा तालुका आणि जिल्हाही त्या काळचा धरा : सिंधुदुर्ग 1981 पर्यंत रत्नागिरीत होता, लातूर 1982 पर्यंत उस्मानाबादेत, पालघर 2014 पर्यंत ठाण्यात. तालुका नंतर फोडला गेला असेल तर जुनं दप्तर जुन्या तालुक्यालाच राहिलेलं असू शकतं.

आता खरं अवघड काम : तारीख. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच जायचा, आणि बहुतेक लोक इथेच दमून सोडून देतात. नुसतं नाव घेऊन अभिलेख कक्षात गेलात तर कारकून विचारणार, ‘साल सांगा.’ त्याचं चूक नाही. बुकं सालवार असतात, नावांची सूची नसते. ‘स्वातंत्र्याच्या आसपास’ या उत्तरावर कोणी दहा वर्षांची पानं उलटून देणार नाही. तेव्हा साल घरी बसून काढायचं, आणि जमलं तर महिनाही.

यासाठी माझं ठाम मत असं की मृत्यूचा शोध जमिनीपासून सुरू करावा. खातेदार मयत झाला की वारस नोंद होते आणि तिचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, पडतो. जुन्या सातबाऱ्यावर मयताचं नाव कंसात गेलेलं असतं आणि जवळ फेरफाराचा क्रमांक असतो. तो फेरफार काढा. त्यात बऱ्याचदा सरळ लिहिलेलं असतं : अमुक हे अमुक तारखेस मयत, वारस मुलगे अमुक, विधवा अमुक. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले आहेत. बाकीच्यांसाठी तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) किंवा तहसील. मात्र फेरफाराची तारीख आणि मृत्यूची तारीख यांची गल्लत करू नका. वारस लावायला घरं वर्षानुवर्षं थांबतात, भावाभावांत वाद असला तर पिढीही जाते. मजकुरात मृत्यूची तारीख नसेल तर फेरफार एवढंच सांगतो की माणूस त्याआधी गेला होता. जमीन नसेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या वहीत, घर कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर कधी गेलं ते पाहा.

दुसरा धागा तिथीचा. घरात तारीख कोणाला माहीत नसते, पण श्राद्धाची तिथी आजीला पाठ असते. ती विचाराल तेव्हा पुढचा प्रश्न लगेच विचारा : ही तिथी वर्षश्राद्धाची की पितृपक्षातली? वर्षश्राद्धाच्या तिथीत महिना, पक्ष आणि तिथी तिन्ही येतात, ती सोन्यासारखी. पितृपक्षातली तिथी महिना सांगत नाही, पक्षही सांगत नाही. त्यातही अविधवा नवमीपासून सावध राहा. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं श्राद्ध, ती कोणत्याही तिथीला गेलेली असो, नवमीला घालतात. सर्वपित्री अमावास्याही तशीच, तिथी ठाऊक नसलेल्यांची. या दोन तिथींवरून तारीख काढायला बसूच नका.

तिथी पक्की असेल तर वर्ष हवं. ते माणसांच्या आठवणीतून निघतं, पण ‘कोणत्या साली?’ असं विचारून नाही. ‘मानमोडीच्या साथीत का?’ (म्हणजे 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ), ‘गांधीवधाच्या आधी की नंतर?’ (30 जानेवारी 1948), ‘पानशेत फुटलं तेव्हा होते का?’ (12 जुलै 1961), ‘कोयनेच्या भूकंपाला?’ (11 डिसेंबर 1967), ‘बहात्तरच्या दुष्काळात?’ असं विचारा. मराठवाड्यात पोलीस ॲक्शन म्हणा, सप्टेंबर 1948 लगेच आठवतो. त्या वेळी कोणतं मूल पोटात होतं, कोणाचं लग्न ठरलं होतं, हेही विचारा. मुलांच्या जन्मतारखा शाळेच्या दाखल्यात सापडतात आणि तुमची दहा वर्षं दोन-तीनवर येतात.

मग प्रत्येक संभाव्य वर्षासाठी ती तिथी पंचांगातून तारखेत बदला. कालनिर्णय 1973 पासूनचं आहे, त्याआधीसाठी जुनी छापील पंचांगं किंवा इंटरनेटवरची. इथे एक खड्डा आहे. आपलं पंचांग अमान्त, म्हणजे महिना अमावास्येला संपतो; उत्तरेकडचं पौर्णिमान्त, तिथे तो पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्षात फरक पडत नाही, पण आपला कार्तिक वद्य हा त्यांचा मार्गशीर्ष कृष्ण. हिंदी पंचांगात ‘कार्तिक कृष्ण नवमी’ शोधलीत तर एक महिना आधीची तारीख हाती येईल आणि तुम्ही भलत्याच पानांवर डोकं फोडाल. त्या वर्षी अधिक मास होता का तेही बघा. निघालेल्या तारखेच्या आधीचा आणि नंतरचा दिवस धरूनच चाला, कारण तिथी सूर्योदयाला एक आणि मृत्यूच्या वेळी दुसरी असू शकते. जुन्या कागदात शके असेल तर साधारण 78 मिळवा, फसली सन (जुनं महसुली वर्ष) असेल तर साधारण 590.

एवढं झाल्यावरच अर्ज करा. गाव, जुना तालुका, साल, महिना आणि नावाचे सगळे प्रकार लिहून नकलेसाठी रीतसर अर्ज, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प, आणि पोच घ्या.

वही समोर आली की आडनाव शोधू नका, बहुधा ते नसतंच. ‘राघू बिन तुका’ म्हणजे तुकाचा मुलगा राघू, विदर्भ-मराठवाड्यात ‘वल्द’. ‘सखू कोम राघू’ म्हणजे राघूची बायको, काही ठिकाणी ‘भ्रतार’, कुठे ‘जौजे’. घरात ज्यांना आपण रामचंद्रराव म्हणतो ते तिथे रामा असतात. तान्ह्या लेकराला नावच नसतं, नुसतं ‘मुलगी’ आणि बापाचं नाव. ती ओळही उतरवून घ्या, ते लेकरूही घरातलंच. पान मोडी लिपीत असेल तर अंदाजाने वाचू नका, मोडी जाणणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या. शब्द न तोडता ओळीने लिहिलेल्या मोडीत दोन नावांच्या सीमा कळत नाहीत आणि चुकीचा पूर्वज गळ्यात पडतो.

वर्तमानपत्रांकडे शेवटी वळा. जिल्हा आवृत्तीतल्या ‘निधन वार्ता’ मृत्यूनंतर काही दिवसांनी येतात, तेव्हा पुढचे पंधरा दिवस चाळा. प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरात जास्त उपयोगी : फोटो, तारीख आणि खाली मुला-नातवंडांची नावं. जुने अंक नगर वाचनालयात किंवा जिल्हा ग्रंथालयात विचारा. गरीब घरांची आणि बायकांची वार्ता फारशी छापली जात नसे, म्हणून ती नाही यावरून काही ठरवू नका.

सापडलेल्या नोंदीची साक्षांकित नक्कल घ्या आणि वहीचं साल, पान, अनुक्रमांक त्यावर आहे का ते खिडकी सोडण्याआधी तपासा. 1970 नंतरच्या नोंदीच्या उताऱ्यात मृत्यूचं कारण मिळणार नाही. कायद्याच्या कलम 17 नेच ते देता येत नाही, तेव्हा कारकुनाशी भांडू नका. ग्रामपंचायतीत नोंद नसेल तर ‘नाही’ हे तोंडी ऐकून परत येऊ नका, नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला लेखी मागा. मृत्यूला वर्ष उलटल्यानंतर नव्याने नोंद करायची तर 2023 च्या दुरुस्तीनुसार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्याने प्राधिकृत केलेला कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो, आणि तिथे पहिला कागद हा नोंद नसल्याचा दाखलाच मागतील.