केमो चालू असलेल्या मुलाला बुरशीचा संसर्ग: वॉर्डातून सांगते

मी मुलांच्या ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) वॉर्डात नर्स आहे. केमोनंतर न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली गेले की बुरशीला रान मोकळं मिळतं. म्हणून रोज सकाळी टॉर्च लावून बाळाचं तोंड बघा. गालाच्या आत दह्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर खरवडू नका, आम्हाला दाखवा.

ताप ३८ अंश सेल्सियसवर गेला की तडक रुग्णालय गाठा, मध्यरात्र असली तरी. पॅरासिटामॉल देऊन वाट बघू नका. अँटिबायोटिक देऊनही चार दिवसांत ताप हटला नाही, तर डॉक्टर बहुधा छातीचा सीटी स्कॅन करून अ‍ॅम्फोटेरिसिन किंवा कॅस्पोफंजिन हे बुरशीविरोधी औषध शिरेतून सुरू करतात. अ‍ॅम्फोटेरिसिन चालू असताना रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) वारंवार तपासावं लागतं. हुडहुडी भरली तर लगेच हाक मारा.

एक गोष्ट मी प्रत्येक आईला दोनदा सांगते. इट्राकोनाझोल, व्होरिकोनाझोल ही बुरशीची औषधं व्हिनक्रिस्टिन या केमोच्या औषधासोबत गेली तर व्हिनक्रिस्टिनचा विषारी परिणाम वाढतो. एका चिमुरडीचं पोट पाच दिवस साफ नव्हतं, चालताना पाऊल अडखळत होतं. आईच्या पिशवीत दुसरीकडून लिहून आणलेली इट्राकोनाझोलची स्ट्रिप निघाली, निम्मी संपलेली. तेव्हा तपासणीला येताना औषधांची अख्खी पिशवीच घेऊन या.